बेबीचे गुडघे धरून

९ जानेवारी

बेबी सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि संत्रं सोलत होती. मी अंगणातल्या फरशीवर बसून तिच्या गुडघ्यापासून हँडलच्या दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरत होते. "ताई, गुदगुल्या होतात," म्हणून ती हलली की माप चुकायचं. तीनदा चुकलं. चौथ्यांदा मी रागावले, तेव्हा तिनं संत्र्याची एक फोड माझ्या तोंडात कोंबली आणि शहाण्यासारखी गप्प बसली. एकतीस इंच. मी चोवीस वर्षांची होते, ती एकोणीस.

मी नुकतीच रस्ते खात्यात लागले होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समन. नदीकाठच्या रस्त्यावर मोटारी घुसू नयेत म्हणून खांब रोवायचे होते. "सायकल गेली पाहिजे, मोटार जाता कामा नये," एवढंच वरून सांगितलं होतं. सायकलीला किती जागा लागते हे खात्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सगळे जीपनं यायचे. म्हणून मी टेप घरी आणला. आमच्याकडे एकच सायकल होती आणि तिच्यावर आम्ही दोघी नाही असं कधी व्हायचं नाही. मी पुढे, बेबी मागे, तिची बोटं माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली. कॉन्व्हेंटच्या फाटकातून आम्ही तशाच आत जायचो आणि तशाच बाहेर यायचो. तेव्हा सायकलीचं माप म्हणजे बेबीसकट माप, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. एकतीस इंच आणि वर तीन इंच ऐसपैस. दोन फूट दहा इंच.

हे आज आठवायचं कारण असं. औषधं घेऊन परत आले तर आमच्या दारासमोर बेबी एका तीनचाकी सायकलीवर बसलेली. मागे दोन चाकं, पुढे एक, मध्ये खुर्चीसारखी बैठक. एक अनोळखी बाई हँडल धरून उलटी चालत होती आणि म्हणत होती, "या, या, राणीसरकार, अजून या."

बेबी हसत होती. तिला अर्धांगाचा झटका आल्यापासून चार वर्षांत तिचं ते हसणं मी ऐकलं नव्हतं. तोंडाची डावी बाजू जरा मागे राहते, तरी तेच हसणं, अंगणातलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "औषधाची वेळ टळली."

१४ जानेवारी

त्या बाईचा पत्ता बेबीचा व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंनी दिला म्हणे. नदीकाठच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिची पत्र्याची शेड आहे. तिथं ती माल वाहायच्या पेटीवाल्या सायकली बनवते आणि ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी तीनचाकी. सगळे तिला वेल्डरबाई म्हणतात. चाळिशीतली असेल. हातांवर ठिणग्यांचे ठिपके, केस पुरुषी कापलेले. शीळ वाजवते. आमच्या सिस्टरनी शीळ वाजवणाऱ्या मुलीला तासभर कोपऱ्यात उभं केलं असतं.

आज टॅक्सीनं बेबीला तिथं घेऊन गेले. वेल्डरबाईनं डाव्या पेडलला चामड्याचा पट्टा लावला आणि टाचेमागे छोटी वाटी बसवली, म्हणजे बेबीचा पाय घसरत नाही. तीन मिनिटांचं काम. चार वर्षं मी रोज सकाळी तो पाय हातात धरून पुढे-मागे करते आहे. एक पट्टा मला सुचला नाही. मी, जिनं बत्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डासमोर काढली.

"ताई, तुम्ही बसा ना स्टुलावर. घामाघूम झालात," वेल्डरबाई मला म्हणाली.

"मी ठीक आहे."

"ती ठीकच असते," बेबी म्हणाली. "ठीक असणं हा तिचा हुद्दा आहे."

दोघी हसल्या. मग बेबी शेडभोवती एक फेरी मारून आली, गाल लाल झालेले, आणि म्हणाली, "ताई, मागे बसून बसून मला आयुष्यभर तुझी पाठच दिसली गं. पुढं इतकं काय काय असतं!"

मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य जात्यासारखं फिरत राहिलं. माझ्या पाठीनं तिला कितीदा वारा लागू दिला नाही, ते नाही दिसलं तिला.

२० जानेवारी

आज बेबी शेडपासून घरापर्यंत नदीकाठानं एकटी येणार होती. बारा मिनिटांचा रस्ता, सपाट, सावलीचा. रोज संध्याकाळी आम्ही तिथंच जातो. ती चाकांच्या खुर्चीत, मी मागे ढकलणारी. मी आमच्या टोकाला थर्मास घेऊन उभी राहिले.

ती आलीच नाही. अर्ध्या तासानं मीच चालत गेले, तर पलीकडच्या टोकाच्या खांबांपाशी बेबी अडकलेली आणि वेल्डरबाई वाकून टेप लावत होती. तीन लोखंडी खांब एका रांगेत. दोन खांबांमधली फट दोन फूट दहा इंच. बेबीची तीनचाकी बरोबर तीन फूट.

"दोन इंच!" वेल्डरबाई म्हणाली. "दोन इंचांसाठी? कुणा दीडशहाण्यानं केलंय हे?"

माझ्या हातात थर्मास होता. तो मी दुसऱ्या हातात घेतला.

बेबीनं माझ्याकडे पाहिलं. दमली असावी. "ताई," ती म्हणाली, "हे खांब खूप जुने असतील ना?"

"असतील," मी म्हटलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिला खुर्चीतून फिरवून आणलं. खुर्ची खांबांतून सहज जाते. बेबी काही बोलली नाही, पण हवा फार छान होती. खरं लिहायचं तर चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

२३ जानेवारी

सलग तीन संध्याकाळी नदीकाठ. बेबीची शाल मी नीट खोचून दिली. वेल्डरबाई फिरकली नाही.

३१ जानेवारी

फिरकली नाही म्हणून लिहिलं, ते उगाच. ती शहरभर हिंडत होती.

आज ती आणि इस्त्रीवाला आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. इस्त्रीवाला आमचा जुनाच, मुलगी कॉलेजात शिकते त्याची. आता वेल्डरबाईनं बनवलेल्या पेटीवाल्या सायकलीवर कपडे पोचवतो. त्याचीही पेटी तीन फुटी. त्यामुळे तो नदीकाठ सोडून ट्रकच्या रस्त्यानं जातो आणि रोज कुणाचा ना कुणाचा शर्ट धुरानं काळा करून आणतो.

त्या दोघांनी शहरातले सगळे खांब मोजले. एक्केचाळीस ठिकाणं. बेबी उजव्या हातानं वहीत लिहून घेत होती, कॉन्व्हेंटच्या तिरक्या अक्षरात. पत्ता, आणि पुढे माप. दोन दहा, दोन दहा, दोन दहा.

"गंमत म्हणजे," इस्त्रीवाला म्हणाला, "मोटरसायकली रोज आत जातात. हँडल जरा वाकडं केलं की झालं. अडतं कोण? मी, ही बेबीताई, आणि तो दोन बाळांना पेटीत घेऊन जाणारा मास्तर."

"पण एक्केचाळीस ठिकाणी एकच माप?" वेल्डरबाईनं पेन्सिल कानामागे खोचली. "हे माप आलं कुठून? त्या ऑफिसात कुणीतरी स्वतःच्या बुडाचं माप घेतलं असणार!"

बेबीला इतकं हसू फुटलं की तिला ठसका लागला. मी उठून पाठीवर थाप मारायला गेले, तर वेल्डरबाईचा हात आधीच तिथं होता. बेबी डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. "बुडाचं नसेल," ती म्हणाली. "काय गं ताई?"

"मी चहा टाकते," मी म्हटलं.

६ फेब्रुवारी

आज शिवणाच्या डब्यात काळा दोरा शोधताना जुना टी-पाना, टी आकाराचा लोखंडी पाना, हाताला लागला. इतकी वर्षं मी तो कापड कापताना वजन म्हणून ठेवत आले. कशाचा आहे हे विसरले होते असं म्हणता येणार नाही. विसरायचं ठरवलं होतं, इतकंच.

ही गोष्ट वेल्डरबाईला आणि इस्त्रीवाल्याला माहीत नाही. मधला खांब निघतो. जमिनीत एक नळी पुरलेली आहे, खांब तिच्यात बसतो, आणि बुंध्याशी लोखंडी टोपणाखाली एक तिकोनी डोक्याचा बोल्ट असतो. तो या टी-पान्यानं फिरवला की खांब वर येतो. कॉन्व्हेंटच्या फाटकाला कोळशाची गाडी आत घ्यायला अशीच सोय होती, तिथून मी उचललेली. माझ्या वरच्या साहेबांना ती फार आवडली होती. ओतशाळेतून नमुना आला तेव्हा तो पाना त्यांनी मला ठेवायला दिला. पुढे खात्यानं एकदाही खांब काढला नाही, टोपणांवर डांबराचे थर चढले, आणि ज्यांना ठाऊक होतं ते एकेक करून निवृत्त झाले किंवा गेले. त्या नकाशाच्या ट्रेसिंगची माझी प्रत कपाटावरच्या गुंडाळीत आहे. खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

सांगायला काय जातं? काही नाही. पण उद्या खांब निघाले की बेबी सकाळी त्या शेडकडे जाईल आणि संध्याकाळी येईल, धुराचा वास घेऊन, राणीसरकार होऊन. संध्याकाळी मी कुणाला ढकलू?

शिवाय तब्येतीचा प्रश्न आहेच. तिचा डावा डोळा अजून नीट बघत नाही. तिच्या भल्यासाठीच थोडं थांबलेलं बरं.

काळा दोरा मिळाला नाही.

११ फेब्रुवारी

आम्ही चौघं रस्ते खात्यात गेलो. आताचे साहेब एके काळी माझ्या हाताखाली होते. आखायची टी-स्क्वेअर पट्टी कशी धरायची ते मीच शिकवलेलं. आता चष्मा, पोट आणि थंड केबिन. "मॅडम, तुम्ही!" म्हणून उठून उभे राहिले. वेल्डरबाईनं भुवया उंचावल्या, ते मला आवडलं.

बेबीनं वही पुढे ठेवली. साहेबांनी वाचली, मान हलवली. "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण एक्केचाळीस ठिकाणी काँक्रीट फोडायचं, खांब उपटायचे, परत रोवायचे. मंजुरी, निविदा. तीन वर्षं धरा."

"तीन वर्षांत मी एकसष्ट होईन," बेबी म्हणाली.

"जुनं ड्रॉइंग मिळालं असतं तर जमिनीखाली काय आहे ते तरी कळलं असतं. रेकॉर्ड रूममध्ये वाळवी लागली, सगळं गेलं. मॅडम, तुमच्या वेळचंच असणार हे. तुमच्याकडे एखादी प्रत?"

 बेबीची खुर्ची माझ्या शेजारी होती. ती समोर भिंतीकडे बघत होती.

"त्या वेळचे कागद आता कुठले," मी म्हटलं.

टॅक्सीत बेबी खिडकीबाहेर बघत बसली. मी विचारलं, "थंडी वाजते का?" ती म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "ताई, तुला खोटं बोलताना कानाची पाळी चोळायची सवय आहे, माहितीये? शाळेपासून."

मी म्हटलं, "कान दुखतोय दोन दिवस."

"बरं," ती म्हणाली.

१९ फेब्रुवारी

दुपारी दारात घंटी वाजली. बाहेर इस्त्रीवाल्याची सायकल, आणि पेटीत, इस्त्री केलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यांवर, बेबी.

मी फिजिओबाईंकडे कागद आणायला गेले होते तेवढ्यात ही तीनचाकी घेऊन निघाली. नदीकाठ बंद, म्हणून ट्रकच्या रस्त्यानं. मागून भोंगा वाजला, ही दचकली, कडेच्या चरात चाक गेलं आणि सायकल आडवी झाली. कोपर सोलून निघालं, कपाळाला टेंगूळ. कुणाचे तरी पांढरे शर्ट रक्तानं माखले होते आणि बेबी इस्त्रीवाल्याला सांगत होती, "थंड पाण्यात घाल हं लगेच, गरम नको."

वेल्डरबाई धावत आली. वाकलेलं चाक तिनं अंगणात टाकलं आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडायला लागली. इतकी दांडगट बाई. मी तिला पाणी दिलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या येण्याआधी माझी बहीण चार वर्षांत एकदाही पडली नव्हती."

"बरोबर आहे ताई," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आतल्या खोलीतून बेबीचा आवाज आला. "ताई. मला ती आडवी आली नाही. खांब आडवा आला."

२० फेब्रुवारी

सकाळी जखम धुताना बेबीनं सांगितलं. शेडला लागून एक खोली आहे, पायरी नसलेली. तिथं ती राहायला जाणार. वेल्डरबाईकडे तीनचाकी शिकायला माणसं यायला लागलीत. कुणी काठीवाले, कुणी एका डोळ्यानं अधू, एक तर ऐंशीचे आजोबा. त्यांची नावं लिहून घ्यायला, त्यांना धीर द्यायला बेबी हवी आहे. "मला काम मिळालंय ताई. अठ्ठावन्नाव्या वर्षी."

"इथून जाऊन-येऊन कर."

"कशानं? ट्रकच्या रस्त्यानं आता तू पाठवणार नाहीस, आणि मलाही भीती वाटते. नदीकाठ मोकळा असता तर जाऊन-येऊनच केलं असतं. बारा मिनिटं तर आहेत." तिनं हात सोडवून घेतला. "पण तो नाही ना मोकळा."



तिचं लग्न मोडून ती परत आली तेव्हा मी तिच्या खोलीला नवे पडदे शिवले होते. माझं लग्न झालंच नाही, तेव्हा परत येण्याचाही प्रश्न नव्हता. एवढं मोठं आयुष्य आम्ही दोघींनी एका सायकलीवर काढलं, आणि आता ही म्हणते, खोलीला पायरी नाही.

२१ फेब्रुवारी

टी-पाना पर्समध्ये ठेवला. काढला. ठेवला.

२२ फेब्रुवारी

उजाडता उजाडता नदीकाठी गेले. पर्समध्ये पाना, पिशवीत छिन्नी, हातोडी आणि उकळत्या पाण्याची किटली. फिरायला आलेले दोघं-तिघं बघत होते. पाठीत त्यांचे डोळे रुतल्यासारखं वाटत होतं, पण एकदा खाली बसल्यावर उठायचंही जिवावर येतं, म्हणून बसून राहिले.

डांबर मऊ पडायला वेळ लागला. टोपण दिसलं. ते छिन्नीनं उचकटलं. आत माती, मुंग्या, आणि तिकोनी डोकं, जसं आखलं होतं तसंच. पाना बसला. फिरेना. मी सगळा भार टाकला, तरी नाही.

"ताई?"

वेल्डरबाई. तिच्या पेटीवाल्या सायकलीत गॅसचा सिलिंडर होता. ती खांबांच्या पलीकडे होती, मी अलीकडे.

"तेल आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं.

 तिनं तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, एक लोखंडी नळी पान्याच्या दांडीवर सरकवली आणि म्हणाली, "आता दोघींनी. एक, दोन..." बोल्ट कुरकुरत फिरला. खांब आम्ही मिळून वर ओढला. जड होता. तो गवतात आडवा टाकून दोघी धापा टाकत बसलो.

"हे निघतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच आखलंय."

ती बघतच राहिली. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. कोपरावरून, चाकावरून, खात्यातल्या त्या दिवसावरून. सगळं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलेलं मला दिसलं. मग ती म्हणाली, "म्हणजे ते बूड तुमचं?"

"बूड नाही," मी म्हटलं. "बेबीचे गुडघे."

आणि मला रडू फुटलं. ती शेजारी बसून राहिली. हात तेलकट होते म्हणून तिनं कोपरानं माझ्या दंडाला टेकू दिला. मला ते आवडलं नाही. आवडलं.

घरी येऊन बेबीला सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती.

"मला माहीत होतं की," ती म्हणाली. "कॅरिअरवर मीच तर होते. पान्याचं नव्हतं ठाऊक. माप तुझं हे ठाऊक होतं. दोन दहा म्हटल्याबरोबर संत्र्याचा वास आला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं होतं ते सांगणं. मी थांबले."

"वेल्डरबाईलाही नाही सांगितलंस?"

"तिला कशाला? आपल्यातलं होतं."

या एका वाक्यानं मला जो आनंद झाला तो लिहायची लाज वाटते, म्हणून पुढे काही लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी

ट्रेसिंग घेऊन साहेबांकडे गेले, एकटी. "मागच्या वेळी मी खोटं बोलले," म्हणून सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मग ट्रेसिंग उलगडलं आणि दोघंही जुन्या सवयीनं त्यावर वाकलो.

"सगळं काँक्रीट फोडायला नकोच की!" ते म्हणाले. पण मधला खांब काढला तर सहा फूट मोकळे होतात आणि छोट्या मोटारी घुसतील. मी म्हटलं, काढलेलाच खांब कडेच्या एका खांबापासून फूटभर आत रोवा, एका खड्ड्याचं काम. पाच फूट. मोटार जात नाही, बाकी सगळं जातं. "नवीन ड्रॉइंग लागेल, मॅडम." "मीच करते," मी म्हटलं. "या वेळी नीट मोजून."

२ मार्च

शेडमध्ये मोजमाप. इस्त्रीवाल्याची पेटी, मास्तरांची दोन बाळांची सायकल, आजोबांची तीनचाकी, एका बाईंची हातानं फिरवायची. प्रत्येकाला बसवून मोजलं, कोपरं, काठ्या, पिशव्या सगळं धरून. तेव्हा एकच सायकल मोजली होती, म्हणजे शहरात एकच सायकल आहे असं समजून. आपल्याला आपल्यापुरतंच जग दिसतं, आणि माझं तर कॅरिअरपाशी संपत होतं.

शेवटी बेबी बसली. मी खाली टेकले. गुडघ्याला टेप लावला. ती काही बोलली नाही.

मी वर बघितलं. "गुदगुल्या नाही होत?"

"तो डावा आहे गं," ती म्हणाली. "त्याला काही कळत नाही."

मी दुसऱ्या बाजूला गेले. उजव्या गुडघ्याला टेप टेकला मात्र, ती अशी किंचाळून हलली की माप चुकलं.

तीनदा चुकलं.

१५ मार्च

नदीकाठची तिन्ही ठिकाणं मोकळी झाली. बाकीची अडतीस पावसाळ्याच्या आत, असं साहेब म्हणतात. टी-पाने लागतील म्हणून वेल्डरबाईनं सहा नकला घडवून दिल्या.

बेबी आमच्या टोकापासून निघाली. खांबांतून गेली तेव्हा दोन्ही बाजूंना फूट-फूट जागा होती, तरी तिनं खांदे आकसले. मग सोडले. पलीकडून वेल्डरबाईनं शीळ वाजवली आणि बेबीनं वेग घेतला. वळणापर्यंत मी बघत होते. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. मी तिच्या जागी असते तर पाहिलं असतं.

खोलीचं मात्र तिनं बदललं नाही. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली. "आता रस्ता झालाय, पण मला जायचंय ताई. रुसून नाही. राहून बघायचंय. रोज सहाला येईन."

सहाला म्हणजे वेल्डरबाई शेड बंद करते तेव्हा. म्हणजे दिवसभर तिचा, आणि उरलेला माझा. असो.

२० मार्च

इस्त्रीवाल्यासाठी यादी. उद्या तो तीन फेऱ्यांत बेबीचं सामान नेणार आहे. मी घरी नसेन, मुद्दामच. फिजिओबाईंनी माझ्याच गुडघ्यांसाठी बोलावलंय. हे पान फाडून दाराला लावीन.

पहिली फेरी. कपड्यांच्या दोन बॅगा, उशी, पडदे. पडदे मी त्या खोलीच्या खिडकीच्या मापानं आखूड केले आहेत.

औषधांचा डबा वेल्डरबाईंच्या हातात द्या, बेबीच्या नको. निळी गोळी सकाळी, पांढरी जेवणानंतर. घेतली असं ती सांगते तेव्हा घेतलेली नसते. बेबीही कान चोळते, नीट बघायला सांगा.

दुसरी फेरी. चाकांची खुर्ची फिजिओबाईंना. त्यांच्याकडे ती मागणारी माणसं आहेत.

सहा टी-पाने साहेबांना, खात्यात, सही घेऊन. जुनं ट्रेसिंगही त्यांनाच, आता वाळवी लागू देऊ नका म्हणावं. मूळ पाना वेल्डरबाईंना. माझ्या शिवणाला दुसरं वजन सापडेल.

तुमच्या गठ्ठ्यातले रक्त लागलेले दोन शर्ट कुणाचे होते ते मला कळलं नाही. नवे शिवून खुर्चीवर ठेवले आहेत. मापं जुन्यांचीच.

तिसरी फेरी. जुन्या सायकलीची घंटी बेबीला, हँडलच्या उजव्या बाजूला बसवायला. डावीकडे नको.

कॅरिअरची गादी वेल्डरबाईंना. बेबीच्या तीनचाकीला त्या मागे नवीन बाक लावताहेत, शिकायला येणाऱ्यांना बसवून न्यायला. गादी त्यावर ठोकायची. बाक सोळा इंचांचा आहे, मी मोजून आले. मला सतरा लागतात. तेव्हा एक इंच वाढवा म्हणावं. आणि मी येईपर्यंत त्यांनी स्वतः त्याच्यावर बसायचं नाही.